भोक आकाशाला, फ्रीज आत्याचा

आमच्या तासगावातून लोक काशीला जाऊन येतात, चारधाम करून येतात. एक गृहस्थ तर मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन आले आणि वर्षभर पारावर बसून तिथल्या रस्त्यांबद्दल बोलत राहिले. पुण्याला जाऊन आलेला माणूस मात्र अवाक्षर काढत नाही. तो दवाखान्याला गेलेला असतो, नाहीतर पोराच्या अ‍ॅडमिशनला, आणि परत आल्यावर गप्प असतो. मी गप्प बसणार नाही. मी ज्या कामाला गेलो होतो त्या कामाला आमच्या तालुक्यातून आजवर कुणीही गेलेलं नाही. मी आकाशाला पडलेलं भोक बुजवायला गेलो होतो.

बोलावणं आप्पांचं होतं. आप्पा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कसबा पेठेत राहतात, बँकेतून रिटायर झालेत. नव्या शतकाची पहिली काही वर्षं चालू होती. जुन्या फ्रीजांतल्या गॅसमुळे आकाशातला ओझोनचा थर झिजतो, हे तेव्हा वर्तमानपत्रांत येत होतं, शाळांत शिकवत होते आणि आप्पा ते उरलेल्या सगळ्यांना सांगत होते. त्यांनी इमारतीत 'ओझोन रक्षण समिती' काढली, अध्यक्ष झाले, आणि सोळा सप्टेंबरला, म्हणजे जगभर पाळतात त्या ओझोन दिनाला, इमारतीतले सगळे जुने फ्रीज एका समारंभात निकालात काढायचं जाहीर करून बसले. सगळी बिऱ्हाडं कबूल झाली. एकच घर अडलं. ते आप्पांचं.

"ती तिचा फ्रीज देत नाही," आप्पा फोनवर दबक्या आवाजात म्हणाले. "अध्यक्षाच्याच स्वयंपाकघरात शत्रू. उद्या सभेत मी उभा कसा राहू? माहेरच्या माणसाचं ती ऐकते. तू ये."

माहेरच्या माणसाचं आत्या ऐकते, हा गैरसमज आप्पांनी लग्नापासून जपलेला आहे. पण माझा बेदाण्याचा धंदा त्या दिवसांत थंड असतो. पिशवीत दोन किलो बेदाणा टाकला आणि निघालो.

जिना

स्वारगेटपासून कसब्यापर्यंत रिक्षावाल्याचं आणि माझं जे बोलणं झालं ते घरात वाचण्याजोगं नाही, म्हणून थेट इमारतीत येतो. आमच्याकडे एखाद्याच्या घरी जायचं तर रस्त्यातून हाक मारली की भागतं. इथे माणसापर्यंत पोचण्याआधी वाचन करावं लागतं. जिन्याच्या पहिल्या वळणावर पाटी: 'ओझोनचा थर सर्वांचा आहे. जिना सोसायटीचा आहे. दोन्हींवर डाग पाडू नयेत.' दुसऱ्या वळणावर: 'अंगाला सुगंधी फवारे मारणाऱ्यांनी एकदा वर पाहावे.' मी वर पाहिलं. वर तिसरी पाटी होती: 'जुन्या फ्रीजमधला गॅस बाहेर पडला की सावकाश वर चढतो आणि ओझोनचा थर खातो. थर गेला की ऊन गाळून मिळणार नाही. मग डोळे, कातडी आणि पिके यांचे काय होईल ते ज्याने त्याने पाहावे. आदेशावरून.' आदेश कुणाचा ते लिहिलं नव्हतं. अक्षर आप्पांचं होतं.

आप्पा दारातच भेटले आणि चपला काढायच्या आत मला थराची जाडी, गॅसची चाल आणि दक्षिण ध्रुवावरची परिस्थिती सांगून मोकळे झाले. समितीचा दरारा मोठा होता. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मेहुण्याच्या लग्नाला निघाले असता आप्पांनी त्यांना जिन्यात हुंगलं आणि परत पाठवलं. ते पुन्हा आंघोळ करून, डोक्याला खोबरेल थापून कार्यालयात पोचले तोवर नवरानवरीला पहिलं मूल झालं होतं. मुलाचा भाग माझा आहे. हुंगल्याचं खरं आहे.

तेवढ्यात आतून आत्या आली. तिचं नाव शांता. माझ्या आजोबांनी आयुष्यात केलेला हा एकमेव विनोद. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ट्रंककॉल जोडायचे आणि वेळ संपली की तोडायचे, असं तिने उमेदीची सगळी वर्षं केलं. त्यामुळे समोरच्याचं बोलणं कुठे तोडावं हे तिला सरकारने शिकवलं आहे.

"ये, दिगू," ती म्हणाली. "फ्रीज न्यायला आलायस ना? आधी जेव."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी बेदाण्याकडे.

जेवायला अळूची पातळ भाजी, काकडीची कोशिंबीर आणि आमटी. आमच्याकडची आमटी माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढते. पुण्याची आमटी गूळ घालून माणसाची विचारपूस करते. मी तीन वाट्या प्यालो आणि तरी मला वाटत राहिलं की जेवण अजून सुरू व्हायचं आहे. मग आत्याने फ्रीज उघडला आणि ताकाचं भांडं काढलं.

त्या फ्रीजबद्दल सांगायला हवं. रंग दुधावरच्या सायीचा, खांदे पैलवानासारखे गोल, मूठ जुन्या मोटारीच्या दाराची. तो सुरू झाला की भिंतीवरची भांडी एकमेकांशी बोलायला लागत. पलीकडच्या इमारतीतले लोक त्याच्या आवाजावर घड्याळं लावत. पण ताक असं गार की आमच्या शीतगृहाने शरमून दारं लावून घ्यावीत. आमच्या त्या शीतगृहात एकदा एक हमाल अडकला होता आणि बाहेर काढल्यावर त्याचा खोकला खड्यांच्या रूपाने जमिनीवर पडला होता, तरी हे ताक त्याहून गार. मी दुसरं भांडं मागितलं. आप्पांनी ताक घेतलं नाही. शत्रूच्या पोटातलं काही ते घेत नसत. आत्याने त्यांच्यासाठी माठातलं पाणी ठेवलं होतं आणि त्या माठावर झाकण म्हणून ओझोन समितीचं पत्रक.

मंडई

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याची पिशवी धरून मंडईत गेलो. बायकांचं मन भाजी घेताना मऊ असतं अशी माझी समजूत होती. आत्याने पहिल्याच गाळ्यावर एका दुधी भोपळ्याला नख लावून त्याच्या साऱ्या खानदानाबद्दल असं काही विचारलं की ती समजूत मी तिथेच टाकून दिली.

भाजीवाली तिच्या ओळखीची. आप्पांनी तिलाही समितीचं पत्रक दिलेलं होतं. "बाई, तुमचे साहेब म्हनत हुते वर भोक पडलंय," ती म्हणाली. "आमच्या पत्र्याला बी पडलंय. त्याचं पत्रक कधी काढनार हायेत?"

परत येताना मी विषय काढला. सगळी इमारत देते आहे, आप्पांच्या शब्दाचा प्रश्न आहे, नवा फ्रीज आवाज करत नाही, वगैरे. आत्याने मला पूर्ण बोलू दिलं. तीन मिनिटं झाली असतील. मग तोडलं.

"दिगू, हा मी माझ्या पगारातून घेतला. या इमारतीच्या जागी तेव्हा आमचा वाडा होता, त्यात दुसरा फ्रीज नव्हता. बेहेऱ्यांच्या आईचे डोळ्यांत घालायचे थेंब यात असायचे, खालच्या जोशांच्या बाळंतिणीची औषधं यात असायची, कुणाकडे पाहुणे आले की बर्फाला पोरं माझ्या दारात रांग लावायची. तेव्हा कुणाला भोक दिसलं नाही. तो बंद पडेल त्या दिवशी मीच खाली आणून देईन. चालतो आहे तोवर देणार नाही." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "आणि बाकीच्यांचे नेताहेत ना, त्यांचं पुढे करणार काय, तेवढं विचारून ठेव."

मी दुपारी गच्चीवर समितीच्या बैठकीत विचारलं. समिती म्हणजे आप्पा, चिटणीस बेहेरे आणि माना हलवायला आणखी पाच-सहा जण. बेहेरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही अडवून ठेवलेली गोष्ट दिसली की ती सोडून द्यायला हात शिवशिवावेत अशी त्यांची प्रकृती. माझ्या प्रश्नावर आप्पा म्हणाले की समितीचं काम प्रबोधन. पुढचं काय ते भंगारवाला बघेल. सर्वांच्या माना हलल्या. असा निर्णय आमच्या ग्रामसभेत व्हायला सहा महिने आणि दोन मारामाऱ्या लागल्या असत्या.

मग मुख्य विषय निघाला: उद्घाटन कसं करायचं. प्रमुख पाहुणे म्हणून एक त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर येणार होते, कारण थर गेला तर पहिली कातडी जाणार. समई लावावी तर तिचा धूर वर जातो. फुगे सोडावेत तर तेही वर जातात. फीत कापावी तर ती नायलॉनची. अर्धा तास ओझोनला न दुखावता कार्यक्रम सुरू कसा करावा यावर खल झाला. शेवटी बेहेरे उठले.

"फीत नको," ते म्हणाले. "फ्रीजच्या मागे तांब्याची नळी असते. पाहुण्यांच्या हस्ते ती नळीच कापू. सगळ्यांच्या देखत गॅस बाहेर काढू. शत्रूचा प्राण गेलेला लोकांनी कानांनी ऐकला पाहिजे."

एवढी सुंदर कल्पना कसब्यात पूर्वी कुणाला सुचली नव्हती. दोघांचे तर डोळे पाणावले. पत्रा कापायची दणकट कात्री जवळच्याच तांबट आळीतून आणायचं ठरलं आणि 'ओझोनशत्रूचा प्राणच्छेद' हे शब्द कार्यक्रमपत्रिकेत छापायला गेले. पहिला मान अध्यक्षांच्या फ्रीजला द्यावा असंही कुणीतरी सुचवलं. आप्पा घाईने म्हणाले की मान इतरांना मिळू दे.

रंगीत तालीम

पुण्यात तालमीशिवाय काही होत नाही. आत्याच्या लग्नात या लोकांनी रुसव्याफुगव्याचीही तालीम घेतली होती, असं आमचे आजोबा शपथेवर सांगत. त्याच दुपारी आवारात तालीम लागली.

लोकांनी दिलेले अकरा फ्रीज भिंतीला टेकून उभे होते. त्यांतले बरेच आधीच निवृत्त झालेले. एकात तांदूळ ठेवत, एकात जुने दिवाळी अंक, एकात एका बाईंची लग्नातली पैठणी डांबराच्या गोळ्यांसह होती आणि बाईंना ती अठरा वर्षांनी तिथेच सापडली. बेहेऱ्यांनी बाह्या सारल्या. प्रमुख पाहुण्यांच्या जागी मला उभं केलं, कारण माझी उंची डॉक्टरांएवढी होती. बाकीची मंडळी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली.

पहिली नळी कापली. काही नाही. दुसरी कापली. काही नाही. हे मुडदे फार पूर्वीच गेलेले होते. बेहेऱ्यांचा चेहरा पडला. तिसऱ्याला मात्र हलकी फुस्स झाली आणि चौथ्याने जो सूर लावला तो मी विसरणार नाही. लांब, एकसंध, शेवटाला किंचित कापरा. पुण्यातली माणसं सुराला जागणारी. खुर्च्यांवर माना डुलल्या, एका आजोबांनी मांडीवर ताल धरला. बेहेरे म्हणाले की हा उत्तम आहे, पण याहून भरीव एखादा निघतो का पाहू, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. पाचवा कापला. सहावा कापला. त्याचा आवाज असा की शनिवारवाड्यावरची कबुतरं उठली आणि हडपसरला जाऊन बसली. असं करत करत उजेड होता तोवर आम्ही अकराही नळ्या कापल्या आणि सहावा सर्वांत चांगला, यावर एकमत झालं.

मग एका गृहस्थांनी विचारलं की सहावा पुन्हा वाजेल का.

बेहेऱ्यांनी सहाव्याच्या नळीला कान लावला. आतून काही येत नव्हतं. पाहुणे ठरले होते, पत्रिका छापायला गेली होती, आणि प्राण घ्यावा असा एकही शत्रू आवारात जिवंत उरला नव्हता. सगळ्यांनी एकदमच वर, तिसऱ्या मजल्यावरच्या आत्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथून तो घरघरत होता. अगदी भरीव.

आप्पांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते बँकेत हिशेब न जुळलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं.

खडकवासला

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना अचानक माझ्या करमणुकीची काळजी वाटू लागली. पाहुणा आला आहे आणि त्याने धरणही पाहिलं नाही, तू त्याला घेऊन जा, असं ते आत्याला चार वेळा म्हणाले. आत्याने माझ्याकडे बघितलं, मी निष्पाप होतो, आणि आम्ही निघालो.

खडकवासल्याचं पाणी पाहायला पुण्याचे लोक सहकुटुंब जातात. घरी नळाला हेच पाणी येतं, तरी ते एकत्र जमलेलं पाहून त्यांना भरून येतं. आमच्याकडे पाणी दिसलं की माणूस आधी मोटर कुठे बसवता येईल ते बघतो. कठड्याशेजारी भाजलेली कणसं, कांदाभजी आणि वारा असा की माझ्या हातातलं भजं उडून सिंहगडाच्या पायथ्याला पडलं. आत्या खूश होती. लिंबू चोळलेलं कणीस खात तिने ट्रंककॉलवर ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. कुणाचं लग्न कुठे मोडलं, कुणाची नोकरी कशी गेली, माणसं लांबच्या फोनवर किती खोटं बोलतात. आप्पांबद्दलही बोलली. बँकेतून सुटल्यावर वर्षभर हा माणूस खिडकीत बसून होता म्हणाली, रेडिओसुद्धा लावेना. मग एक दिवस ओझोनवरचा लेख वाचला आणि उठला. "म्हणून मी त्या पाट्यांना कधी हसत नाही," ती म्हणाली. "त्यांना समिती मिळाली, मला घरात बोलणारा माणूस मिळाला."

दुपार कलताना परतलो. फाटकातून आत शिरलो आणि दोघंही थांबलो.

फ्रीज आवारात होता. अकरांच्या रांगेपुढे, मधोमध, गळ्यात झेंडूची माळ. बेहेरे आणि मंडळी घाम पुसत होती. आप्पा पायरीवर उभे होते आणि कुठेतरी दुसरीकडेच पाहत होते. मला कशासाठी धरणावर धाडलं होतं ते माझ्या ध्यानात आलं. आत्याच्या ध्यानात ते बहुधा कणसाच्याही आधी आलं असावं.

मी वाट पाहत होतो की आता कसबा पेठ हादरेल. आत्याने फक्त फ्रीजचं दार उघडून आत पाहिलं.

"वायर आणा," ती बेहेऱ्यांना म्हणाली. "आत दूध आहे."

मीटरच्या खोलीतून लांब वायर ओढून आणली. फ्रीज पुन्हा घरघरायला लागला. आत्याने एक खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. जेवणही तिने तिथेच मागवलं. आप्पांनी तीन मजले उतरून ताट आणून दिलं. ती थँक्यू म्हणाली. अंगावर काटा येतो तो असल्या थँक्यूने.

सोळा सप्टेंबर

समारंभाला गर्दी झाली. आजूबाजूच्या इमारतींतले लोक आले, शाळेची एक रांग आली, वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. प्रमुख पाहुणे पांढऱ्या सफारीत आले आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या गालांकडे धंद्याच्या नजरेने बघत व्यासपीठावर चढले. स्वागत झालं, परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचा परिचय झाला. बेहेऱ्यांनी साटीनची फीत बांधलेली कात्री तबकातून पुढे केली. डॉक्टर फ्रीजच्या मागे गेले. फोटोवाला गुडघ्यावर बसला. आत्या शेजारच्या खुर्चीवरून उठली.

"डॉक्टर, एक विचारू? हे कापल्यावर काय होईल?"

डॉक्टरांनी बेहेऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा विषय कातडी.

"गॅस जाईल, वहिनी," बेहेरे म्हणाले.

"कुठे?"

"वर."

"वर जाऊन काय करेल?"

बेहेऱ्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मागच्या रांगेतून, मग मधल्या रांगेतून, ज्यांनी वर्षभर तो जिना चढला-उतरला होता त्या सगळ्यांच्या तोंडून ते आपोआप निघालं, पाढा निघावा तसं: सावकाश वर चढतो आणि ओझोनचा थर खातो.

म्हणून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. मी आजवर पुष्कळ गर्दी पाहिली आहे, पण शे-दीडशे माणसं एकाच वेळी आपल्याच तोंडाकडे बघताना पहिल्यांदा पाहिली. रंगीत तालमीला मांडीवर ताल धरणारे आजोबा हळूच हात खिशात घालते झाले.

"अहो," आत्या आप्पांकडे वळली. आवाज चढवला नव्हता. "वर्षभर जेवताना, झोपताना तुम्ही मला हेच सांगितलंत. मी ऐकलं. मला वाटलं होतं, सगळेच ऐकताहेत."

"पण वहिनी, पत्रिकेत छापलंय," बेहेरे कळवळून म्हणाले.

डॉक्टर कात्री घेऊन उभेच होते. सहाला त्यांना दुसरीकडे एका साबणाचं उद्घाटन होतं. फोटोवाला म्हणाला, जरा लवकर करा, उजेड जातोय. सगळी सभा आप्पांकडे बघत होती. आप्पांनी मान हलवली असती तर नळी कापली गेली असती, टाळ्या पडल्या असत्या आणि अध्यक्षांच्या त्यागावर उद्या चार ओळी आल्या असत्या.

आप्पा व्यासपीठावरून उतरले, डॉक्टरांच्या हातातून त्यांनी कात्री काढून घेतली. फीत त्यांच्या बोटांत अडकली, ती सोडवायला वेळ लागला. मग ते माइकशिवायच बोलले.

"पत्रिका मी लिहिली होती. चुकलं." ते मागच्या अकरा फ्रीजांकडे वळले आणि कापलेल्या नळ्या एकेक करून पाहत गेले. "हेही चुकलं. हे तर झालंच करून."

भर सभेत पुणेकर माणूस चुकलं म्हणाला. हे मी गावात सांगितलं तेव्हा खड्यांचा खोकला बिनतक्रार ऐकून घेणारी माणसं उठून गेली.

कार्यक्रम मात्र पार पडला. डॉक्टरांनी उन्हात जाताना काय लावावं यावर भाषण केलं. बेहेऱ्यांनी आभार मानले, त्यात फ्रीजचेही मानले. अंधार पडायच्या आत ज्यांनी तो खाली आणला होता त्यांनीच तो वर नेला. पुढे आत्या, हळू, हळू म्हणत, आणि खालच्या कोपऱ्याला, सगळ्यात जास्त वजनाच्या जागी, आप्पा. जेवताना त्यांनी भांडं पुढे केलं. आत्याने ताक वाढलं.

निघताना

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. 'ओझोनच्या रक्षणासाठी कसब्यात अकरा जुने फ्रीज निकामी. नागरिकांच्या उपक्रमाचे सर्वत्र कौतुक.' खाली बेहेऱ्यांचा कात्री घेतलेला फोटो, तालमीत कुणीतरी काढलेला. सकाळीच दोन सोसायट्यांचे फोन आले. त्यांनाही असाच कार्यक्रम करायचा होता. कात्री कुठे मिळते, विचारत होते.

आत्या टेलिफोनवर बसली. इकडून तिकडे, तिकडून आणखी पुढे फोन जोडत जोडत तिने एका कॉलेजातला माणूस शोधून काढला. त्याने सांगितलं की गॅस हवेत सोडायचाच नसतो. मशिनने ओढून टाकीत भरून ठेवतात, आणि हे काम करणारे लोक पुण्यातच आहेत. आप्पांनी पत्ता कागदावर उतरवून घेतला, टोपी घातली आणि मला म्हणाले, चल.

माझी एसटी एकची होती. तरी गेलो. चार गल्ल्यांपलीकडच्या सोसायटीत नऊ फ्रीज रांगेत मांडलेले होते आणि समोर खुर्च्या लागत होत्या. तिथल्या सेक्रेटरींना आप्पांनी सगळं सांगितलं, अगदी पहिल्या पाटीपासून. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं, हसले, आणि बाजूच्या माणसाला डोळा घालून म्हणाले, "आप्पा, तुम्हाला वहिनींचा फ्रीज वाचवायचा होता, वाचला. आता आमच्यात का मोडता घालता?"

"हो," आप्पा म्हणाले. "तेवढाच वाचलाय."

सेक्रेटरींचं हसू थोडं कमी झालं. पण बॅनर लागला होता.

"तालीम किती वाजता आहे?" आप्पांनी विचारलं.

"पाचला."

आप्पांनी पहिल्या रांगेतली एक खुर्ची उचलली, नऊ फ्रीजांच्या आणि लोकांच्या मधोमध ठेवली, आणि लोकांकडे तोंड करून बसले. शेवटी सेक्रेटरींनी चहा घेणार का विचारलं.

"आणा," आप्पा म्हणाले. "पाचपर्यंत बसायचंय."

मी एसटी सोडली आणि दुसरी खुर्ची ओढली.